सर्दीच्या गोळीवरचा पहारा: मेथ आणि अमेरिकेतील राज्यांचे कायदे

अमेरिकेत नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला पहिल्याच हिवाळ्यात एका गोष्टीचे आश्चर्य वाटते. नाक चोंदले म्हणून औषधांच्या दुकानात जाऊन स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी मागितली, तर ती समोरच्या फळीवर नसते. ती काउंटरमागून काढून दिली जाते, त्यासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, नाव-पत्ता नोंदवून सही करावी लागते, आणि गेल्या काही दिवसांत मर्यादेपेक्षा जास्त गोळ्या घेतलेल्या असतील तर संगणक ती विक्री तिथल्या तिथे अडवतो. बंदुकीच्या बाबतीत इतका सैल असलेला देश सर्दीच्या गोळीबाबत इतका कडक कसा, असा प्रश्न कुणालाही पडावा. त्याचे उत्तर मेथॅम्फेटामीन नावाच्या अमली पदार्थात आणि तो रोखण्यासाठी तिथल्या राज्यांनी, बऱ्याचदा केंद्र सरकारच्या आधी आणि कधी औषध कंपन्यांच्या विरोधाला न जुमानता, केलेल्या कायद्यांत आहे. या कायद्यांनी एक काम चोख केले आणि दुसरे केले नाही. ही दोन कामे वेगळी आहेत हे लक्षात न घेतल्यामुळे त्यांच्या यशापयशाबद्दल आजही उलटसुलट बोलले जाते.

मेथॅम्फेटामीनला बोलताना मेथ म्हणतात; स्फटिकांच्या रूपात असेल तर क्रिस्टल किंवा आइस. अफू किंवा गांजाप्रमाणे हा पदार्थ शेतात पिकत नाही, तो रासायनिक प्रक्रियेने तयार करावा लागतो, आणि त्याच्याविषयीच्या सगळ्या धोरणाचे मूळ या एका गोष्टीत आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ साली एफेड्रा या वनस्पतीतून एफेड्रिन वेगळे काढले आणि १८९३ साली त्यापासून मेथॅम्फेटामीन बनवले. पुढे १९१९ साली अकिरा ओगाटा यांनी ते स्फटिकरूपात मिळवले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना ‘पर्व्हिटिन’ आणि जपानी सैनिकांना ‘फिलोपॉन’ या नावाने त्याच्या गोळ्या झोप आणि थकवा घालवण्यासाठी दिल्या जात. युद्ध संपल्यावर जपानमध्ये त्याचे व्यसन एवढे पसरले, की १९५१ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. अमेरिकेत मात्र मेथ आजही पूर्णपणे बेकायदा नाही. अतिचंचलता आणि स्थूलपणा यांवरचे औषध म्हणून डॉक्टर ते क्वचित, कडक नियमांखाली लिहून देऊ शकतात.

हा पदार्थ मेंदूत डोपामीन या रसायनाचा साठा एकदम मोकळा करतो. जेवण, कौतुक, प्रणय अशा सुखाच्या क्षणी डोपामीन थोडेथोडे पाझरते. मेथमुळे त्याचा लोंढा येतो. कोकेनचा अंमल तासाभरात उतरू लागतो, तर मेथ शरीरातून निम्मे कमी व्हायलाच दहा-बारा तास लागतात, म्हणून त्याची नशा लांबते, माणूस दोन-दोन, तीन-तीन दिवस झोपत नाही, खात नाही आणि शेवटी संशयाने पछाडला जातो. दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये दात किडून पडणे, हृदयाचे स्नायू दुबळे होणे, पक्षाघात आणि वेडाचे झटके येणे, असे परिणाम दिसतात. एक दिलासा असा की, वर्षभर पूर्ण दूर राहिल्यास मेंदूतील काही हानी बऱ्याच अंशी भरून येते असे चाचण्यांत दिसले आहे. आपल्याकडच्या बातम्यांत ज्याला ‘एमडी’ म्हणतात तो मेफेड्रोन हा वेगळा पदार्थ आहे. तोही उत्तेजक आणि कारखान्यात बनणारा असल्याने दोघांची गल्लत होते, परंतु त्याचा कच्चा माल निराळा आहे, आणि या लेखातली गोष्ट कच्च्या मालाचीच आहे.

तो कच्चा माल म्हणजे एफेड्रिन आणि त्याचे जुळे भावंड स्यूडोएफेड्रिन. या दोहोंच्या आणि मेथच्या रेणूत जेमतेम एका ऑक्सिजनच्या अणूचा फरक आहे. नाकातील सुजलेल्या रक्तवाहिन्या आकुंचित करून श्वास मोकळा करणारे स्यूडोएफेड्रिन कोट्यवधी लोक निर्धास्तपणे घेत होते, आणि तेच रसायन थोड्या खटाटोपाने विषात बदलता येत होते. कारखाने जगात मोजकेच असलेल्या अशा रसायनावर पहारा बसवला तर मेथ बनणारच नाही, हा विचार अमेरिकी अमली पदार्थविरोधी संस्थेतील अधिकारी जीन हेस्लिप यांनी १९८०च्या दशकात मांडला. त्यामागे अनुभव होता. आपल्याकडे मँड्रॅक्स म्हणून ओळखल्या गेलेल्या मेथाक्वालोन या गुंगीच्या औषधाचे कारखाने ज्या ज्या देशांत होते, तिथल्या सरकारांना राजी करून हेस्लिप यांनी अमेरिकेत येणारा त्याचा पुरवठा काही वर्षांत जवळपास आटवला होता. मेथच्या बाबतीत तेवढे जमले नाही. १९८८च्या केंद्रीय कायद्याने एफेड्रिन-स्यूडोएफेड्रिनच्या भुकटीच्या घाऊक व्यवहारावर नियंत्रण आले खरे, पण औषध उद्योगाच्या आग्रहामुळे तयार गोळ्यांना त्यातून सूट मिळाली. भुकटी मिळेना तेव्हा मेथ बनवणारे गोळ्यांकडे वळले. १९९३ साली एफेड्रिनच्या गोळ्यांची सूट गेली, तेव्हा ते स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्यांकडे वळले. १९९६ साली त्यांवरही नियम आले, पण दुकानातील पाकीटबंद गोळ्या मोकळ्याच राहिल्या.

या लपंडावाच्या मध्ये घडलेली एक घटना मला सर्वांत बोलकी वाटते. १९९५ साली केंद्रीय यंत्रणेने कच्चा माल पुरवणाऱ्या दोन मोठ्या घाऊक पुरवठादारांवर कारवाई केली. कार्लोस डॉब्किन आणि नॅन्सी निकोसिया या अर्थशास्त्रज्ञांनी त्या कारवाईचा नंतर कसून अभ्यास केला आणि २००९ साली तो प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, मेथचा भाव एका ग्रॅमला ३० डॉलरवरून १०० डॉलरवर गेला, शुद्धता ९० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर घसरली, आणि कॅलिफोर्नियात मेथमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे निम्म्याने कमी झाली. मात्र भाव चार महिन्यांत पूर्ववत झाला आणि शुद्धताही दीड वर्षात बरीचशी परत आली. कच्च्या मालाची नाडी आवळली तर वापर खरोखर घटतो, पण पर्यायी वाट सापडेपर्यंतच, हे दोन्ही निष्कर्ष त्यात एकत्र आहेत. पुढे ज्याला जो सोयीचा वाटला त्याने तेवढाच उचलला.

राज्यांची भूमिका समजण्यासाठी अमेरिकेतील अधिकारांची विभागणी थोडक्यात पाहावी लागेल. कोणता पदार्थ किती धोकादायक हे ठरवणारा १९७०चा केंद्रीय कायदा आहे. त्याशिवाय प्रत्येक राज्याचा स्वतःचा अमली पदार्थ कायदा आहे, आणि पदार्थ जवळ बाळगल्याबद्दलच्या बहुतेक अटका व खटले राज्यांच्या कायद्यांखाली, राज्यांच्या न्यायालयांत चालतात. औषध दुकानांचे परवाने राज्याचे औषधविक्री मंडळ देते. केंद्राचा नियम ही किमान अट समजली जाते आणि राज्य त्यापेक्षा कडक होऊ शकते. केंद्राने जे औषध मोकळे ठेवले त्यावर राज्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली, तर त्यात घटनेची अडचण येत नाही. भारतात चित्र निराळे आहे. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा केंद्राचा आहे, मेथसाठी २ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा आणि ५० ग्रॅमच्या पुढे व्यापारी मात्रा हे मोजमापही केंद्राचे आहे, आणि कोणते औषध चिठ्ठीविना विकायचे नाही याच्या अनुसूची केंद्रीय नियमांत आहेत. पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय मात्र राज्यांकडे आहेत, म्हणजे राज्याच्या हाती मुख्यतः अंमलबजावणी येते. ती किती महत्त्वाची असते हे महाराष्ट्राने २०१६ साली पाहिले, जेव्हा ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या एका औषध कारखान्यातून कित्येक टन एफेड्रिन जप्त केले होते. ज्या रसायनाच्या ग्रॅमचा हिशेब अमेरिकेतला दुकानदार ठेवतो, ते इथे टनांनी सापडले.

आता मूळ गोष्टीकडे वळू. २००० सालाच्या आसपास अमेरिकेच्या मध्य आणि पश्चिम भागातील ग्रामीण राज्यांत मेथच्या घरगुती भट्ट्यांचा सुळसुळाट झाला होता. भट्टी म्हणजे एखादे मोटेल, गोठा, फिरते घर किंवा चक्क स्वयंपाकघर. २००४ साली देशभरात अशा वीस हजारांहून अधिक भट्ट्या आणि त्यांचे टाकाऊ साहित्य पोलिसांना सापडले. या भट्ट्यांतून निघणारा माल देशाच्या एकूण पुरवठ्याच्या मानाने थोडाच होता. मोठा वाटा कॅलिफोर्नियातील आणि मेक्सिकोतील मोठ्या कारखान्यांचा होता. परंतु भट्टीमुळे होणारे नुकसान मालाच्या प्रमाणात नव्हते. आगी लागत, स्फोट होत, विषारी वाफा भिंतींत आणि गालिच्यांत मुरून राहत, पुढे त्या घरात भाड्याने आलेल्या निरपराध कुटुंबाला त्रास होई, आणि भट्टी सापडली की घरातील लहान मुलांना ताब्यात घेऊन त्यांची सोय करण्याचा भार काउंटीवर, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनावर पडे. एक भट्टी साफ करायला हजारो डॉलर खर्च येई. छोट्या गावाच्या अंदाजपत्रकाला तो पेलवणारा नव्हता.

ओक्लाहोमा राज्यात मेथच्या भट्ट्यांशी संबंधित घटनांमध्ये पोलीस अधिकाऱ्यांचे बळी गेल्यानंतर लोकमत तापले. एप्रिल २००४ मध्ये गव्हर्नर ब्रॅड हेन्री यांनी सही केलेल्या कायद्याने स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या नियंत्रित औषधांच्या पाचव्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात टाकल्या. त्या फक्त परवानाधारक औषधविक्रेत्याकडे, काउंटरमागे, ओळखपत्र पाहून आणि सही घेऊन विकायच्या असे ठरले. किराणा दुकाने आणि पेट्रोल पंप या व्यवहारातून बाद झाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती त्यात नव्हती. काही महिन्यांतच राज्यातील भट्ट्यांची संख्या झपाट्याने उतरली. ते पाहून वर्ष-दीड वर्षात तीसहून अधिक राज्यांनी असे ना तसे कायदे केले, आणि मार्च २००६ मध्ये तोच नमुना केंद्रीय कायद्यात आला. दिवसाला ३.६ ग्रॅम, तीस दिवसांत ९ ग्रॅम, काउंटरमागे साठा आणि नोंदवही. अमेरिकेतील दुकानात आज जो अनुभव येतो तो या कायद्यामुळे. राज्याने प्रयोग करायचा आणि केंद्राने तो उचलायचा, हा संघराज्याच्या पाठ्यपुस्तकात शोभणारा क्रम इथे खरोखर घडला.

पाठ्यपुस्तक मात्र इथे संपत नाही. २००७ पर्यंत भट्ट्यांची संख्या कोसळली आणि मग पुन्हा चढू लागली. याला दोन गोष्टी कारणीभूत होत्या. पहिली, एकाच बाटलीत अगदी थोडा माल करण्याची पद्धत पसरली. तिला थोड्याच गोळ्या पुरत, जागा लागत नसे, चालत्या गाडीतही ती करता येई आणि बाटली हातातच फुटून माणसे भाजत. काही राज्यांतल्या जळीत विभागांत विमा नसलेल्या अशा रुग्णांची रीघ लागली. दुसरी गोष्ट म्हणजे ‘स्मर्फिंग’. दहा-वीस माणसांनी वेगवेगळ्या दुकानांतून आपापल्या मर्यादेत एकेक पाकीट घ्यायचे आणि भट्टीवाल्याला कित्येक पट किमतीला विकायचे. यात विद्यार्थी होते, वृद्ध होते, बेघर माणसे होती. प्रत्येकाची खरेदी मर्यादेच्या आत असल्याने वरवर कायद्याला धरून दिसे. गावोगावच्या कागदी वह्या एकमेकींशी जोडलेल्या नसल्याने एका दुकानातला विक्रेता दुसऱ्या दुकानातली खरेदी पाहू शकत नव्हता.

यावर दोन तोडगे पुढे आले आणि राज्या-राज्यांत त्यांवरून जुंपली. औषध उद्योगाने संगणकीय नोंदणीचा पुरस्कार केला आणि त्याचा खर्चही उचलला. केंटकीने २००८ साली राज्यभर अशी नोंदणी सुरू केली आणि पुढे अनेक राज्ये एकाच जाळ्याला जोडली गेली. ओरेगॉनने याआधीच दुसरा मार्ग धरला होता. १ जुलै २००६ पासून तिथे स्यूडोएफेड्रिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळेनासे झाले. असा नियम करणारे ते पहिले राज्य. जुलै २०१० मध्ये मिसिसिपीने त्याचे अनुकरण केले. मिझुरी, जिथे भट्ट्यांची संख्या वर्षानुवर्षे देशात सर्वाधिक असे, तिथे राज्य विधिमंडळ तयार होईना म्हणून २००९ साली वॉशिंग्टन नावाच्या छोट्या शहरानेच गावापुरता चिठ्ठीचा नियम केला आणि नंतर आसपासच्या अनेक शहरांनी व काउंट्यांनी तो उचलला. म्हणजे पाच-दहा मैलांवरच्या दुसऱ्या गावात तीच गोळी मोकळी. राज्याच्या सीमेवरही तेच झाले. मिसिसिपीचे लोक शेजारच्या अलाबामात जाऊन गोळ्या आणू लागले, तेव्हा अलाबामाने २०१२ साली असा नियम केला की, ज्या राज्यात चिठ्ठी लागते तिथल्या रहिवाशाला अलाबामातही चिठ्ठी दाखवावी लागेल. कायदा राज्याच्या हद्दीत थांबतो आणि गाडी थांबत नाही, या अडचणीवर शोधलेला हा उपाय मला तरी बराच कल्पक वाटतो.

केंटकीतही चिठ्ठीचे विधेयक आले, तेव्हा चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या औषधांच्या उत्पादक संघटनेने रेडिओवर जाहिराती दिल्या, मतदारांना आमदारांकडे फोन करायला लावले आणि त्या राज्याने क्वचितच पाहिला असेल इतका पैसा आमदारांचे मन वळवण्यावर खर्च केला. शेवटी २०१२ साली तडजोड झाली. चिठ्ठी नको, पण महिन्याची मर्यादा ७.२ ग्रॅम आणि वर्षाची २४ ग्रॅम. उद्योगाच्या बाजूचा सगळाच युक्तिवाद स्वार्थी होता असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत डॉक्टरांची भेट महाग असते, अनेकांकडे विमा नसतो, आणि साध्या सर्दीसाठी रजा काढून दवाखान्यात जाणे ही मजुरी करणाऱ्याला खरी शिक्षा आहे. पण नोंदणीचा जो मुख्य दावा होता, की तिच्यामुळे भट्ट्या कमी होतील, तो आकड्यांवर टिकला नाही. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने अहवाल दिला. संगणकीय नोंदणीमुळे बेकायदा विक्री अडते, तपासाला धागेदोरे मिळतात, पण भट्ट्यांची संख्या घटलेली दिसत नाही, कारण खोटी ओळखपत्रे आणि जास्त माणसे वापरून ती चुकवता येते, असे त्यात म्हटले होते. याउलट ओरेगॉनमध्ये भट्ट्या २००४च्या शिखरापासून नव्वद टक्क्यांहून अधिक उतरल्या होत्या आणि मिसिसिपीतही मोठी घट झाली होती. चिठ्ठीसाठी डॉक्टरांकडे झुंबड उडेल ही भीतीही फारशी खरी ठरली नव्हती.

तरीही ओरेगॉनच्या यशावर आक्षेप होता आणि तो दखल घेण्याजोगा होता. भट्ट्यांतील घटीचा मोठा भाग चिठ्ठीचा नियम येण्याआधीच, गोळ्या काउंटरमागे गेल्यापासून सुरू झाला होता. चिठ्ठीचा नियम नसलेल्या वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या शेजारी राज्यांतही त्या काळात मोठी घट झाली होती. मग चिठ्ठीने नेमके किती साधले? माझ्या मते उत्तर असे आहे: पश्चिमेकडे बाहेरून येणारा माल आधीच मुबलक असल्याने घरी भट्टी लावण्याची गरजच संपत चालली होती, तर मिसिसिपीसारख्या दक्षिणेकडील राज्यात, जिथे भट्ट्या वाढत होत्या, तिथे चिठ्ठीचा परिणाम अधिक स्पष्ट दिसतो. एकाच कायद्याचे दोन ठिकाणी दोन अर्थ झाले.

एक किंमत मात्र कोणत्याही अहवालात नीट मोजली गेली नाही. स्यूडोएफेड्रिन काउंटरमागे गेल्यावर औषध कंपन्यांनी त्याच्या जागी फिनाइलेफ्रिन घातले, कारण त्यापासून मेथ होत नाही आणि ते फळीवर ठेवता येते. पण तोंडावाटे घेतलेले फिनाइलेफ्रिन आतड्यात आणि यकृतातच बहुतांशी निकामी होते. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने सांगितले की ते नाक मोकळे करत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रशासनाने ते मान्यताप्राप्त यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. सुमारे वीस वर्षे लोकांनी मेथ रोखण्याच्या नादात निरुपयोगी गोळ्या विकत घेतल्या. आपल्याकडच्या सर्दीच्या बहुतेक लोकप्रिय गोळ्यांतही हेच फिनाइलेफ्रिन असते, तेव्हा हसण्यासारखे फार काही नाही.

इतक्यात मुख्य घडामोड दुसरीकडेच होत होती. मार्च २००७ मध्ये मेक्सिको सिटीतील एका बंगल्यात स्यूडोएफेड्रिनच्या आयातीतून मिळालेले असल्याचा आरोप असलेले वीस कोटी डॉलरहून अधिक रोख पैसे पोलिसांना सापडले. मेक्सिकोने २००८ पर्यंत एफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिनच्या आयातीवर बंदी घातली. काही काळ टंचाई झाली, अगदी १९९५ सारखी. मग तिथल्या टोळ्यांनी १९७०-८०च्या दशकात अमेरिकेतील मोटारसायकल टोळ्या वापरत त्या जुन्या, गोळ्यांची गरजच नसलेल्या पद्धतीकडे मोर्चा वळवला. जुन्या काळी त्या पद्धतीचा माल कमी ताकदीचा मानला जाई. नव्या कारखान्यांतील रसायनतज्ज्ञांनी ती उणीव दूर केली. तिला लागणारी रसायने अनेक उद्योगांत वापरली जातात आणि एक अडवले तर दुसऱ्यापासून वाट काढता येते, त्यामुळे हेस्लिप यांच्या मूळ कल्पनेतला ‘मोजके कारखाने’ हा आधारच निखळला. मेथ पूर्वीपेक्षा शुद्ध, पूर्वीपेक्षा स्वस्त आणि मुबलक झाले. अमेरिकेतील भट्ट्या २०१९ पर्यंत वर्षाला एक हजाराच्याही आत आल्या. त्याच काळात मेथसारख्या उत्तेजकांमुळे होणारे मृत्यू २०१५ साली सुमारे ५,७०० होते ते २०२१ साली ३२,००० च्या वर गेले. यातील अनेक मृत्यूंत फेंटॅनिल हे अफूवर्गीय कृत्रिम द्रव्यही रक्तात सापडले. श्वास थांबलेल्या माणसाला शुद्धीवर आणणारे नॅलोक्सोन फेंटॅनिलवर काम करते, मेथवर करत नाही.

भट्ट्यांचा आलेख आणि मृत्यूंचा आलेख शेजारी ठेवले की राज्यांच्या कायद्यांनी काय केले आणि काय नाही ते स्पष्ट होते. भट्टी, भाजलेली माणसे, विषारी घर आणि पोरकी झालेली मुले हा प्रश्न गोळीच्या विक्रीशी बांधलेला होता. तो राज्याच्या आवाक्यात होता आणि राज्यांनी तो बराचसा सोडवला. तलफ आलेला माणूस आणि त्याला मिळणारा माल हा प्रश्न गोळीपासून सुटून केव्हाच सीमेपलीकडे गेला होता. चिठ्ठीचा कायदा फसला म्हणणारे आणि चिठ्ठीच्या कायद्याने मेथ हरवले म्हणणारे, दोघेही एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावतात. ओरेगॉन आणि मिसिसिपी या दोन्ही राज्यांनी १ जानेवारी २०२२ पासून चिठ्ठीची सक्ती उठवली. त्यासाठी दिलेले कारण साधे होते: राज्यात भट्ट्याच उरल्या नाहीत, माल मेक्सिकोतून येतो, मग सर्दी झालेल्यांना त्रास कशाला? ओळखपत्र आणि महिन्याची मर्यादा मात्र राहिली.

याच सुमारास ओरेगॉनने आणखी मोठा प्रयोग केला. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी सुमारे ५८ टक्के मतांनी ‘मेझर ११०’ हा थेट मतदानाला ठेवलेला प्रस्ताव मंजूर केला. फेब्रुवारी २०२१ पासून स्वतःच्या वापरापुरता अमली पदार्थ, मेथच्या बाबतीत दोन ग्रॅमपेक्षा कमी, जवळ बाळगणे हा गुन्हा राहिला नाही. फक्त १०० डॉलरचा दंड, आणि मदतवाहिनीवर फोन करून आरोग्य तपासणी केली तर तोही माफ. उपचारांसाठी गांजावरील कराचा पैसा वळवण्यात आला. कल्पनेत दोष काढणे सोपे आहे, पण घात झाला तो क्रमात: अटक आधी थांबली आणि उपचार केंद्रांना पैसा बराच उशिरा पोहोचला, मदतवाहिनीवर फारच थोड्यांनी फोन केला, दंड न भरणाऱ्याचे काहीही होत नसे. त्यातच फेंटॅनिल पश्चिम किनाऱ्यावर पसरण्याची तीच वेळ आली. रस्त्यारस्त्यांवर उघड सेवन दिसू लागल्याने लोक संतापले. फेंटॅनिलच्या प्रसाराचा हिशेब वजा केला तर या कायद्यामुळे मृत्यू वाढले असे दिसत नाही, असा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने काढला, पण तोवर राजकीय निर्णय होऊन गेला होता. गव्हर्नर टीना कोटेक यांनी एप्रिल २०२४ मध्ये नव्या कायद्यावर सही केली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून अमली पदार्थ बाळगणे पुन्हा गुन्हा झाले. खटल्याऐवजी उपचाराकडे वळवण्याची सोय ठेवली आहे, पण ती कशी राबवायची हे प्रत्येक काउंटीवर सोपवले आहे, म्हणून एकाच राज्यात एकाच कृत्याचे परिणाम गावागणिक बदलतात.

उपचाराच्या बाजूला राज्यांचे काम उशिरा सुरू झाले, आणि ते अवघडही आहे. अफूवर्गीय व्यसनावर मेथाडोन, ब्यूप्रेनॉर्फिन अशी औषधे आहेत. मेथच्या व्यसनावर अमेरिकी औषध प्रशासनाने मान्य केलेले एकही औषध नाही. नॅल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन आणि ब्यूप्रोपियॉनच्या गोळ्या एकत्र देऊन केलेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १३.६ टक्के रुग्णांना फायदा झाला, तर खऱ्या औषधाऐवजी नकली औषध दिलेल्या गटात २.५ टक्क्यांना. फरक खरा आहे, पण दहातले आठ-नऊ तसेच राहिले. मॉन्टानात २००५ पासून किडलेले दात आणि खरवडलेले चेहरे दाखवणाऱ्या भेदक जाहिरातींचा मारा झाला. त्या लोकांच्या लक्षात राहिल्या, पण तरुणांमधील वापर त्यांच्यामुळे घटल्याचे नंतरच्या विश्लेषणात दिसले नाही.

आजवर सर्वांत जास्त पुरावा ज्या उपायामागे आहे तो ऐकायला काहीसा चमत्कारिक वाटतो: लघवीच्या तपासणीत मेथ सापडले नाही की रुग्णाला लगेच छोटेसे बक्षीस द्यायचे, आणि सलग स्वच्छ तपासण्यांबरोबर बक्षीस वाढवत न्यायचे. मेथने मेंदूला तात्काळ मोबदल्याची चटक लावलेली असते, म्हणून सहा महिन्यांनी मिळणाऱ्या चांगल्या आरोग्यापेक्षा आज हातात पडणारे दहा डॉलरचे कार्ड अधिक परिणाम करते. माजी सैनिकांच्या केंद्रीय रुग्णालयांनी २०११ पासून हा उपाय वापरला. राज्ये मात्र कचरत होती, कारण रुग्णाला पैसे देणे हे सरकारी विमा योजनांतील लाचखोरीविरोधी नियमांत अडकेल अशी भीती होती आणि केंद्रीय अनुदानातून एका रुग्णावर बक्षिसांसाठी ७५ डॉलरपेक्षा जास्त खर्च करता येत नसे. संशोधनात जेवढ्या रकमेने गुण आला, तिच्या मानाने हे अगदीच तुटपुंजे होते.

डिसेंबर २०२१ मध्ये गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेतून हा उपचार देण्याची परवानगी मिळवणारे कॅलिफोर्निया हे पहिले राज्य ठरले, आणि २०२३ पासून त्याच्या काउंट्यांत तो सुरू झाला. चोवीस आठवड्यांचा हा कार्यक्रम आहे. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा तपासणी, आणि एका रुग्णाला वर्षात जास्तीत जास्त ५९९ डॉलर, कारण तेव्हाच्या नियमानुसार ६०० डॉलर झाले की ती रक्कम कर खात्याला कळवावी लागे. रोख मिळत नाही, कार्ड मिळते, आणि त्या कार्डावर दारू, तंबाखू किंवा लॉटरीचे तिकीट घेता येत नाही. ‘नशा न करण्याबद्दल पैसे कशाला?’ हा आक्षेप तिथल्या करदात्यांनीही घेतला. एका रुग्णाच्या पूर्ण वर्षाच्या बक्षिसांइतका खर्च मेथमुळे हृदय निकामी झालेल्या माणसाच्या रुग्णालयातील एका दिवसाला सहज येतो, हा त्यावरचा आर्थिक युक्तिवाद आहे. बक्षीस बंद झाल्यावर काय, हा प्रश्न अजून चर्चेत आहे. काहीजण पुन्हा वळतात, आणि म्हणून त्या चोवीस आठवड्यांत समुपदेशन, घर आणि काम यांची जोड किती बसवता येते यावर प्रत्येक काउंटीचा निकाल वेगळा येण्याची शक्यता आहे. वॉशिंग्टन आणि मॉन्टाना यांनीही आता आपापल्या विमा योजनांत असाच उपचार आणण्याची मंजुरी मिळवली आहे.